गणिती रीतीचं सॉफ्टवेअर करून विकायचं असेल तर

प्रमेय सुंदर आहे म्हणून कोणी पैसे देत नाही. डोक्याचा ताप कमी होतो, त्याचे देतात. गणितज्ञ क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते तेव्हा लिनपॅक आणि आइसपॅक ही मॅट्रिक्सच्या (संख्यांच्या तक्त्यांच्या) गणितांसाठी फोरट्रान भाषेतली उत्तम पॅकेजेस होती, पण दर वेळी प्रोग्राम लिहा, कंपाइल करा, चालवा. विद्यार्थ्यांची ही यातायात वाचवायला त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब हे मॅट्रिक्सची गणितं थेट करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. आपली रीत कोणाचं कुठलं किचकट काम वाचवते, हे आधी एका वाक्यात लिहा. जमलं नाही तर कोडला हात लावू नका.

मग खरी मेहनत. कागदावरचं सूत्र जसंच्या तसं उतरवलं की घोटाळा होतो. क्षवर्ग − १०,००,००,००० क्ष + १ = ० घ्या. धाकटं मूळ जवळजवळ ०.०००००००१ आहे, शाळेतलं सूत्र डबल प्रिसिजनमध्ये (म्हणजे संगणक साधारण सोळा अंक जपतो तेव्हा) ०.००००००००७४५ देतं, म्हणजे पाव हिस्सा चूक! जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी झाली की कामाचे अंक उडतात. म्हणून सूत्रात बेरजेचं चिन्ह घेऊन मोठं मूळ काढा आणि १ ला त्याने भागा, कारण इथे दोन्ही मुळांचा गुणाकार १ आहे.

समीकरणसंच सोडवताना मॅट्रिक्सचा व्यस्त काढू नका, लॅपॅक या तयार कोडसंग्रहातलं पिव्होटिंगसह एलयू (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी भाग पाडून, गरजेप्रमाणे ओळी अदलाबदल करत सोडवण्याची रीत) वापरा. चाचणीला हिल्बर्ट मॅट्रिक्स (१, १/२, १/३ अशा अपूर्णांकांचा, अंक उडवण्यासाठी कुप्रसिद्ध) ठेवा: १० × १० ला सोळापैकी जेमतेम तीन अंक भरवशाचे, १२ × १२ ला एकही नाही. अशा वेळी प्रोग्रामने ठणकावून इशारा दिलाच पाहिजे. गुपचूप चुकीचं उत्तर देणारं सॉफ्टवेअर विकणं हा ग्राहकाचा विश्वासघात आहे.

नोकरीच्या करारात कोडची मालकी कोणाची, ते विक्रीआधी वाचा. लॅपॅकचा परवाना बीएसडी या मोकळ्या परवान्याच्या धर्तीचा, व्यापाराला चालतो. जीपीएल या कडक अटींच्या मुक्त परवान्याचा कोड मिसळून प्रोग्राम वाटलात तर सगळा सोर्स खुला करावा लागतो.

जोडीदार वापरणाऱ्यांतला शोधा. कंट्रोल इंजिनिअर जॅक लिटल यांनी स्टीव्ह बॅंगर्ट यांच्यासोबत मॅटलॅब पीसीसाठी सी भाषेत नव्याने लिहिलं. मूळ मॅटलॅबमध्ये नवं फंक्शन घालायला फोरट्रान बदलावं लागे. आता वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शन्स साध्या फाइलमध्ये लिहिता येऊ लागली. मॅटलॅब विकणारी त्यांची कंपनी मॅथवर्क्स १९८४ मध्ये सुरू झाली, पहिली मागणी १९८५ मध्ये एमआयटीतून, दहा प्रतींची. मोलर पूर्णवेळ आले १९८९ मध्ये, तेव्हा राजीनाम्याची घाई नको.

विक्रीनंतर चाचण्यांत उत्तरं हुबेहूब जुळवू नका, सापेक्ष चूक (चूक भागिले खरं उत्तर) तपासा. कंपायलर बदलला की शेवटचे अंक हलतात. प्रत्येक निकालावर आवृत्ती क्रमांक छापा, नाहीतर तक्रार कुठल्या कोडची हे शोधण्यातच दिवस जातो.