ॲक्सेस फोरमवर जाताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला 'फुटपाथ' म्हटलं की रस्त्याकडेची फरशी आठवते. इथल्या कायद्यातला फुटपाथ मात्र शेतातून, कुरणातून, ओढ्याच्या कडेने जातो. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून पायी जायचा हक्क सगळ्यांचा. आपली पाणंद शेतावर जायला असते. या वाटेवर कुणीही नुसतं फिरायलासुद्धा जावं.

या वाटा आणि मोकळी माळरानं लोकांना नीट वापरता यावीत, म्हणून २००० च्या कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे कायद्याने जागोजागी लोकल ॲक्सेस फोरम नेमायला सांगितले. कौन्सिल, म्हणजे इथलं स्थानिक प्रशासन, किंवा नॅशनल पार्कचं प्राधिकरण ते नेमतं. फोरमचं काम सल्ला देण्याचं. सभासद १० ते २२, मुदत १ ते ३ वर्षं, पगार नाही, वर्षातून किमान दोन सभा, आणि त्या सभांना कुणीही येऊन बसू शकतं. माझ्या काउंटीच्या फोरमवर माझी ही दुसरी मुदत. आपली कितीतरी मंडळी दर रविवारी इथले डोंगर चढतात, पण अशा सभेत मला आजवर आपलं कुणी भेटलेलं नाही. कुणी यायचं ठरवत असेल तर मी केलेल्या चुका त्यांनी करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

फोरमला तक्रारखिडकी समजू नका

माझी पहिली सभा मे महिन्यातली. घराजवळच्या वाटेवर ऑइलसीड रेप उभं होतं, आपल्या मोहरीच्या जातीचं पिवळं पीक, छातीपर्यंत वाढलेलं. आत शिरलं की कपडे पिवळे व्हायचे आणि वाट कुठे वळते तेच कळायचं नाही. मी मोबाइलवर फोटो घेऊन गेले आणि दहा मिनिटं बोलले. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही कौन्सिलला कळवलंत का? आणि फोरमने यात काय सल्ला द्यावा असं तुम्हाला वाटतं?" माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं.

एखाद्या वाटेवरचा अडथळा काढून घेणं हे कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे विभागाचं काम. त्यांना थेट कळवा: वाटेचा क्रमांक, ग्रिड रेफरन्स (नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे), तारीख, फोटो. नियमही माहीत असू द्या. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला पेरणीसाठी नांगरता येते, पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत आणि पुढच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून, ओळखू येईल अशी आखून द्यावी लागते. रुंदीची नोंद कुठे नसेल तर फुटपाथला किमान १ मीटर आणि ब्रायडलवेला, म्हणजे जिथून घोडेस्वारही जातात त्या वाटेला, २ मीटर. शेताच्या कडेने जाणारी वाट तर नांगरताच येत नाही.

फोरमपुढे न्यायचा प्रश्न याहून मोठा असतो. अशा तक्रारी दर वसंतात किती येतात? पेरणीआधी कौन्सिल शेतकऱ्यांना आठवणीचं पत्र धाडते का? पुढच्या सभेत मी हे विचारलं, तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली.

सल्ला मोघम देऊ नका

ही चूक सगळ्यात महागात पडते. कायद्याप्रमाणे संबंधित संस्थेने आपलं काम करताना फोरमचा सल्ला विचारात घ्यावाच लागतो. तो मानावाच लागतो असं नाही. 'वाटा अधिक सोयीच्या कराव्यात' असं लिहून दिलं तर 'विचार केला' एवढं उत्तर पुरतं, आणि विषय संपतो.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हाची गोष्ट. इथे कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. आदल्या रात्रीच्या पावसाने पायरी बुळबुळीत झालेली, वरचा आडवा दांडा आईच्या कमरेएवढा. तिने पदर खोचला, एक पाय वर ठेवला, गुडघ्यावर हाताने जोर दिला, आणि पाय परत खाली घेतला. म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी थांबते इथं." त्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना गहू होता. आसपास एकही मेंढी नव्हती.

घरी येऊन मी नियम वाचले. फुटपाथवर नवं गेट किंवा स्टाइल बसवायला जमीनमालकाला परवानगी मिळते ती जनावरं आवरण्यासाठी. म्हणजे दोन्हीकडे पीक असेल तर ती पायरी कशासाठी, हा प्रश्न विचारता येतो. अशा गेट-पायऱ्यांसाठीचं प्रमाणक, ब्रिटिश स्टँडर्ड ५७०९, सुद्धा आधी मोकळी फट, ती चालत नसेल तर गेट, आणि अगदीच इलाज नसेल तर स्टाइल, असाच क्रम सांगतं. देखभाल मालकाकडे असते आणि खर्चाचा किमान चौथा हिस्सा कौन्सिल देते. हे सगळं धरून आम्ही सल्ला लिहिला: वाटांच्या पुढच्या पाहणीत प्रत्येक स्टाइलपुढे 'जनावरं आहेत की नाहीत' याची नोंद करावी, नसतील तिथे मालकाशी बोलून फट ठेवावी, आणि किती ठिकाणी काय झालं ते वर्षभराने फोरमला सांगावं. या सल्ल्यावर हो की नाही, काहीतरी ठोस उत्तर द्यावंच लागतं.

सल्ला दिला, पण काहीच हललं नाही?

आधी इतिवृत्त उघडून बघा. 'सभासदांनी चिंता व्यक्त केली' असं लिहिलं असेल तर तो सल्ला नव्हेच. सल्ला म्हणून वेगळा नोंदवून, पत्राने, योग्य संस्थेला जायला हवा. जंगलाचा विषय असेल तर फॉरेस्ट्री कमिशनला, राष्ट्रीय पातळीवरचा असेल तर नॅचरल इंग्लंड या निसर्गविषयक सरकारी संस्थेला. मग वेळ बघा. निर्णय झाल्यावर आलेल्या पत्राचा उपयोग नाही. कौन्सिलचा वाटांच्या सुधारणेचा आराखडा दर १० वर्षांनी तपासला जातो. तुमच्याकडे ती तारीख कधी आहे ते आजच विचारून ठेवा आणि मसुदा छापला जाण्याआधी सल्ला पोचवा.

शेतकऱ्याला पलीकडचा समजू नका

फोरमवर चालणारे, घोडेस्वार, सायकलवाले असतात तसे जमीनमालक आणि शेतकरीही असतात. समतोल राखा असा नियमच आहे. सल्ला देताना शेतीची आणि निसर्गाची गरज लक्षात घेणं हेही फोरमवर बंधनकारक आहे. आमच्याकडचे मेंढपाळ आजोबा पहिल्या वर्षी माझ्याशी जेमतेम बोलत. एका मार्चमध्ये त्यांनी मला गोठ्यात नेलं. मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याने पिटाळल्यामुळे गाभडलेली मेंढी कोपऱ्यात पडून होती. मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवायचा नियम मी कितीदा वाचला होता. तो कशासाठी आहे ते त्या दिवशी कळलं. आता वाट वळवायचा विषय आला की आम्ही दोघं आधी जागेवर जाऊन येतो.

स्कॉटलंडचे नियम इथे लावायला जाऊ नका. तिथल्या २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळपास सगळीकडे फिरायचा हक्क आहे, आणि तिथले फोरम तंट्यातही मदत करू शकतात. इंग्लंडमध्ये दोन्ही गोष्टी तशा नाहीत.

नकाशाची गफलत

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावर काळ्या तुटक रेघेने दाखवलेली वाट म्हणजे हक्काची वाट नव्हे. हक्काची वाट हिरव्या रेघेने दाखवतात, आणि शेवटचा शब्द कौन्सिलकडच्या डेफिनिटिव्ह मॅपचा, म्हणजे हक्काच्या वाटांच्या अधिकृत नकाशाचा. त्यात नसलेली वाट लोकांनी २० वर्षं, कुणाची परवानगी न घेता, उघडपणे, अडवणूक न होता वापरली असेल तर तिची नोंद मागता येते. हा दावा फोरम ठरवत नाही. अर्ज आणि पुरावे कौन्सिलकडे द्यायचे. आपल्यासारख्या नव्या रहिवाशांकडे २० वर्षांची आठवण नसते. ती गावातल्या म्हाताऱ्यांकडे असते. आमच्या गिरणीमागच्या वाटेसाठी गेल्या वर्षी सात जणांनी पुराव्याचे फॉर्म भरायचं कबूल केलं होतं. चौघांनी भरले. उरलेल्यांतले दोघं फॉर्म भरायच्या आधीच गेले. तुमच्याकडे अशी वाट असेल तर फॉर्म घेऊन याच आठवड्यात त्यांच्या दारी जा.