डेबियन पॅकेजचे नाव बदलल्यावर अपग्रेड अडकते तेव्हा

डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामच्या लेखी नवे नाव म्हणजे संपूर्ण वेगळे पॅकेज. जुन्याशी त्याचे नाते पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये लिहिल्याशिवाय त्याला कळत नाही. ‘गिट-कोअर’चे ‘गिट’ झाले तेव्हाही जुन्या नावाचे पॅकेज काही काळ ठेवावेच लागले.

आधी त्रुटी नीट वाचा. ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ असे दिसले, तर एकाच मार्गावरच्या फाइलवर दोन पॅकेजेस हक्क सांगत आहेत. ती सध्या कोणाची, हे ‘डीपीकेजी’ला मोठ्या ‘एस’चा पर्याय आणि फाइलचा मार्ग देऊन पाहा. फाइल जबरदस्तीने बदलणाऱ्या ‘फोर्स-ओव्हरराइट’ पर्यायाने तुमचे मशीन पुढे सरकेल, पण इतर सगळे वापरकर्ते तिथेच अडकतील. दुरुस्ती पॅकेजमध्येच करा.

कंट्रोल फाइलमधल्या नव्या पॅकेजच्या नोंदीत ‘ब्रेक्स’ (या आवृत्त्या सोबत चालत नाहीत) आणि ‘रिप्लेसेस’ (त्यांच्या फाइली घेण्याची मुभा) दोन्ही लिहा, समोर ‘जुने-नाव (<< २.०-१~)’. कंसातल्या दोन चिन्हांचा अर्थ ‘याहून जुनी’, आणि २.०-१ म्हणजे ज्या आवृत्तीत फाइली हलल्या ती. शेवटचे ~ विसरू नका. त्याच्याविना बॅकपोर्टची (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेली) आवृत्तीही ‘जुनी’ ठरते. नुसते ‘रिप्लेसेस’ लिहिले तर त्रुटी गप्प होते, पण जुने पॅकेज अर्धवट उरते. पुढे कोणी नवे काढले की फाइलीही जातात आणि जुने मोडते. हा दोष उशिरा उघडकीस येतो, म्हणून जास्त त्रासदायक.

मग जुन्या नावाचे रिकामे, फक्त नव्याकडे नेणारे संक्रमण-पॅकेज बनवा: आर्किटेक्चर ‘ऑल’, ‘डिपेंड्स’मध्ये नवे नाव, सेक्शन ‘ओल्डलिब्स’. सेक्शन चुकला तर ॲप्ट (पॅकेजेस आणून डीपीकेजीकडे देणारा प्रोग्राम) नव्या पॅकेजला आपोआप आलेले समजते. रिकामे पॅकेज काढताच ‘ऑटोरिमूव्ह’ ही गरज संपलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा नव्यालाही काढायला निघते. या पॅकेजची आवृत्ती जुन्यापेक्षा मोठी हवी. जुन्यात ‘१:’ असा इपॉक (आवृत्तीच्या आधी लावलेला आकडा) असेल तर तो ठेवावाच लागतो, नाहीतर अपग्रेड दिसतच नाही.

ॲप्ट ‘केप्ट बॅक’ (अपग्रेड रोखून ठेवले) म्हणत असेल तर ‘कॉन्फ्लिक्ट्स’ किंवा ‘ब्रेक्स’मध्ये आवृत्तीची मर्यादा लिहायची राहिली आहे का पाहा. तसे असेल तर नवे पॅकेज स्वतःच्याच संक्रमण-पॅकेजशी भांडते.

पॅकेज काढल्यावर चालणारी जुन्याची ‘पोस्टआरएम’ स्क्रिप्टही तपासा. जुने पॅकेज काढले, पण पर्ज (सेटिंग्जसह पूर्ण काढणे) केले नाही, तर ती स्क्रिप्ट मशीनवर राहते. पुढे पर्ज करताना तिने डेटाची डिरेक्टरी पुसली, तर नव्या पॅकेजचाच डेटा जातो.

शेवटी स्वच्छ क्रूटमध्ये (मशीनमधल्याच वेगळ्या, कोऱ्या प्रणालीत) जुनी आवृत्ती टाका, ‘फुल-अपग्रेड’ चालवा, मग जुने नाव पर्ज करून नवा प्रोग्राम आणि डेटा शाबूत आहे का पाहा. पॅकेज टाकणे, अपग्रेड आणि पर्ज यांची तपासणी पिउपार्ट्स हे साधन आपोआप करते.