पुळ्यांच्या चेहऱ्यावर कुंकुमादी तेल: माझा अनुभव

जळगावचा मे, पारा ४५ च्या घरात, आणि त्यात माझी त्वचा तेलकट. मावशीच्या सांगण्यावरून रात्रभर कुंकुमादी तेल लावलं, तर हनुवटीवर बारीक पुळ्यांची रांगच उठली.

कारण बाटलीवरच छापलेलं होतं. कुंकुमादीत केशर, मंजिष्ठा, चंदन असतं खरं, पण पारंपरिक पद्धतीत ते शिजतं तिळाच्या तेलात आणि शेळीच्या दुधात. ज्यांची रंध्रं पटकन बुजतात, त्यांना तिळाचं तेल जड जाऊ शकतं. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे तर बोलूच नका, कातडीवर फोड आणणारा बिब्बाही नैसर्गिकच!

तेल बंद केलं, पुळ्या बसू दिल्या. मग जबड्याच्या कडेला रोज थेंबभर लावून काही दिवस पाहिलं. खाज नाही, लाली नाही. आता फक्त थंडीत वापरते: धुतलेल्या, ओलसर गालांवर दोन थेंब, न चोळता नुसते दाबून. अर्ध्या तासाने सौम्य फेसवॉशने धुऊन टाकते. कपाळ, नाक आणि पिकलेली पुळी वगळायची. डॉक्टरांनी पुळ्यांसाठी अडॅपलीनसारखं मलम दिलं असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. दुखऱ्या गाठी येत असतील तर तेलाचा नादच सोडा, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.