जुनी रबरी बोट घेताय? मोटार बंद पडणार हे धरूनच चला

ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या आउटबोर्ड मोटारींची दुरुस्ती हा माझा धंदा. दिवाळी झाली की पुण्या-मुंबईची मंडळी गाडीच्या टपावर गुंडाळलेली हवेची बोट आणि डिकीत आउटबोर्ड घालून आमच्या आंजर्ल्याच्या खाडीवर उतरतात. जुनी बोट घ्यायला माझी ना नाही. फक्त मोटार मध्येच बंद पडणार हे गृहीत धरा, म्हणजे बाकीचे निर्णय सोपे होतात.

बोट बघायला संध्याकाळी जा. टणक फुगवून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संध्याकाळीच बघा. दुपारी बघण्यात अर्थ नाही, उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि गळकी बोटही ताठ दिसते. शिवणींवर आणि व्हॉल्व्हभोवती भांड्यांच्या साबणाचा फेस लावा. एखादं भोक निघालं तर घाबरू नका, ठिगळ बसतं. मात्र पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद हवा, सायकल पंक्चरचं सोल्युशन टिकत नाही. कापड हाताला चिकट लागत असेल आणि शिवणच सुटत असेल तर नमस्कार करून परत या.

मोटार बसते ती मागची फळी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आतलं प्लायवुड कुजलंय. किती हॉर्सपॉवर चालेल ते बोटीवरच्या पट्टीवर असतं. तीन मीटरच्या बोटीला चार-पाच पुष्कळ झाले.

मोटार पाण्याच्या पिंपात चालू करून दाखवायला सांगा. आधी तिला हात लावा. गरम लागली तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच फिरवून ठेवलीय. चहा घ्या, थंड होऊ द्या, मग दोरी ओढा. चालू झाल्यावर पाण्याची बारीक धार बाहेर पडलीच पाहिजे. नसेल तर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) गेलाय किंवा मिठाने वाट बुजलीय. इम्पेलर स्वस्त आहे, धारेशिवाय चालवलेलं इंजिन नाही. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. टू-स्ट्रोकच्या बऱ्याच मोटारींना पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल लागतं, जुन्या काहींना जास्त, पुस्तिकेत बघून घाला. ऑइल मरीनचंच, स्कूटरचं नव्हे.

आता पाण्यात कधी उतरायचं? भरती चढत असताना. चढत्या पाण्यात मोटार मेली तर तुम्ही खाडीत आत, तिवरांकडे जाता. ओहोटीत मेली तर मुखाकडे. तिथे वाळू साचलीय, लाट फुटते, आणि हर्णैच्या मोठ्या बोटीही भरती बघूनच आत येतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो: एकादशीला सव्वाआठ. मोबाइलवर पडताळून घ्या, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिकायला एकादशीच्या आसपासची सकाळ मला सगळ्यात बरी वाटते. उधाणाची ओढ अजून आलेली नसते, दुपारचा खारा वारा सुटायला वेळ असतो आणि साडेसहाला निघालात तर पाणी चढतंच असतं. (उपास असेल तर केळी बरोबर घ्या.) सकाळची मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहते आणि ही बोट हलकी, पाण्यावर वरवर तरंगणारी असल्याने वाऱ्याने चटकन सरकते. म्हणून किनाऱ्यावरून थेट समुद्रात नको, खाडीतच.

लाइफ जॅकेट अंगात, लाल किल-कॉर्ड (तुम्ही पडलात तर मोटार बंद करणारी दोरी) मनगटाला, वल्ही, हवेचा पंप आणि दोरीसकट छोटा नांगर बोटीत. मोटार बंद पडली की पहिलं काम नांगर टाकणं, मोटारीची दोरी ओढत बसणं नव्हे. जाळ्यांच्या खुंट्यांपासून लांब राहा. खडकावरची कालवं सुरीसारखी कापतात, तिथे बोट टेकवूच नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ फोनमध्ये घालून ठेवा. नोंदणीचं काय ते मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधीच विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळाभर तुमचीही बोट पोटमाळ्यावरच बरी.

परत आल्यावर मोटार गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा, मग पेट्रोलची चावी बंद करून ती आपोआप थांबू द्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि कार्बुरेटरमध्ये राहिलं की जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बुजतं. बोट धुऊन सावलीत वाळवा. घडीत राहिलेली वाळू शिवण खाते, म्हणून गुंडाळण्याआधी तळाच्या सांध्यांतून एकदा हाताचं बोट फिरवून बघा.