चाकूच्या जखमांचे वाचन: न्यायवैद्यकात नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगली-मिरज परिसरात न्यायवैद्यकाचे काम करताना तपास अधिकारी शवागाराच्या दारातच जो प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘डॉक्टर, खून की आत्महत्या?’ या प्रश्नाचे उत्तर टेबलावरच देऊन टाकण्याचा मोह नवख्याने आवरावा, कारण जखम हत्याराविषयी पुष्कळ सांगते, हेतूविषयी थोडे सांगते आणि हत्यार कोणाच्या हाती होते याविषयी बहुधा काहीच सांगत नाही.

शवविच्छेदनापूर्वी मरणोत्तर पंचनामा (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खालील) नीट वाचावा आणि मृतदेह धुण्यापूर्वी कपडे पाहावेत. सदऱ्यावरील छेद आणि अंगावरील जखम जुळतात का, हे एकदा कपडे उतरवून गठ्ठा बांधला की पडताळणे अवघड होते. स्वतःला भोसकून घेणारा पुष्कळदा कपडा बाजूला सारतो, पण नेहमीच नाही.

लांबी खोलीपेक्षा जास्त असेल तर ती कापल्याची जखम आणि खोली सर्वांत जास्त असेल तर भोसकल्याची, हे पुस्तकात असतेच. आपल्याकडे ऊसतोडीचा कोयताही असतो. त्याचा घाव जड असल्याने हाडापर्यंत जातो आणि कडांना खरचटलेले वा काळवंडलेले दिसू शकते. त्याला सरसकट ‘धारदार शस्त्राची जखम’ लिहून मोकळे होऊ नये.

भोसकल्याच्या जखमेचे एक टोक टोकदार आणि दुसरे बोथट असेल तर पाते एकधारी असावे, असा अंदाज बांधता येतो. मात्र दोन्ही टोके टोकदार दिसली म्हणून पाते दुधारीच होते असे ठरत नाही, कारण एकधारी पात्याच्या टोकाजवळ पाठीलाही धार असू शकते किंवा बोथट बाजूची त्वचा फाटू शकते. त्वचेतील ताणाच्या रेषांना आडवी गेलेली जखम फाकते, म्हणून कडा जुळवून पुन्हा मोजणे आवश्यक आहे. पाते आत हलले असेल तर लांबी त्याच्या रुंदीपेक्षाही जास्त भरते. खोलीचा तर भरवसाच नको: पोट दाबले जाते, त्यामुळे आखूड पात्याचा मार्गही पात्याहून लांब भरू शकतो, तर लांब पाते अर्धेच गेलेले असू शकते. जखमेभोवती मुठीचा ठसा उमटला असेल तर पाते मुठीपर्यंत आत गेले, असे म्हणायला आधार मिळतो.

मनगटावर किंवा गळ्यावर एकमेकांना समांतर, उथळ, चाचपडल्यासारखे छेद आत्महत्येकडे बोट दाखवतात. तळहातावर, बोटांवर आणि करंगळीच्या बाजूच्या हातावर प्रतिकाराच्या जखमा असतात. त्या नाहीत म्हणून हल्ला झाला नाही, असे मात्र लिहू नये. माणूस झोपेत असेल, नशेत असेल किंवा वार पाठीमागून झाला असेल.

पुढे पोलीस सीलबंद हत्यार अभिप्रायासाठी पाठवतात. मोहोर तपासून त्याचे वर्णन आणि मोजमाप करावे, रक्ताचे डाग प्रयोगशाळेसाठी अबाधित ठेवावेत आणि पाते जखमेत घालून पाहण्याचा खेळ कदापि करू नये. अभिप्राय ‘अशा हत्याराने अशी जखम होणे शक्य आहे’ एवढाच असतो. सत्र न्यायालयात बचाव पक्षाचे वकील हमखास विचारतात, की बाजारातल्या तशाच दुसऱ्या चाकूनेही ती होऊ शकते का? त्याला शांतपणे ‘होय’ म्हणावे आणि विचारल्यास आपल्या अहवालातील मोजमापे वाचून दाखवावीत.