मॉडेल रेल्वेचा ट्रॅक खऱ्यासारखा मळका कसा करायचा

पाकिटातून काढलेला एचओचा (म्हणजे १:८७ मापाचा) फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, ट्रॅक टेबलावर अंथरला की आधी डोळ्यात भरते ती रुळांची चकाकी आणि खालचं काळंकुळकुळीत प्लॅस्टिक. इंजिन कितीही भारी घ्या, खाली असा ट्रॅक असेल तर सगळं खेळणंच दिसतं, म्हणून मी तर म्हणेन की नवीन डबे घ्यायच्या आधी पैसे आणि वेळ इथे घाला.

सुरुवात रंगापासून नको, बघण्यापासून करा. स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून खाली नीट बघा (रुळात उतरायचं नाही, वरून सगळं दिसतं). रुळाचा फक्त माथा चकाकतो, बाजू गडद तपकिरी असतात. गंज म्हटलं की आपण केशरी रंग धरतो, पण चालू लाइनवर तो धुळीखाली मुरलेला असतो, जवळजवळ चॉकलेटी. वापरात नसलेल्या सायडिंगला (बाजूच्या जास्तीच्या लाइनला) माथाही तपकिरी. काँक्रीटचे स्लीपर राखाडी, पण क्लिपांच्या भोवती तपकिरी झाक, आणि इंजिनं थांबतात तिथे दोन रुळांच्या मधे तेलाचा काळा पट्टा.

रंगाआधी वायरी सोल्डर करून गाडी फिरवून बघा. मी एकदा उलटं केलं, रंग जॉइनरमधे (दोन रूळ जोडून करंट पुढे नेणाऱ्या पट्टीत) मुरला आणि अख्ख्या एका वळणाचा करंट गेला, मग ब्लेडनं खरवडत बसावं लागलं.

आता रूळ स्पिरिटनं पुसून घ्या, कारण मॉडेलचे रूळ ज्याचे असतात ते निकेल सिल्व्हर गुळगुळीत असतं, त्यावर तेलकटपणा राहिला तर रंग सुटतो. मॅट अॅक्रेलिकमधे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), त्यात थोडा काळा आणि किंचित पांढरा. दोन नंबरच्या ब्रशनं रुळाच्या दोन्ही बाजू रंगवा आणि एकेक वीतभर झालं की ओलं असतानाच लाकडी ठोकळ्याला फडकं गुंडाळून माथा पुसा. पॉइंटची (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणाऱ्या सांध्याची) पाती जिथे रुळाला टेकतात तिथे आणि त्यांच्या बिजागरीत रंग अजिबात नको. स्लीपर लाकडी दाखवायचे असतील तर दोन-तीन छटा करून मधेमधे बदला, सगळे एकसारखे नसतातच.

मग खडी, आणि इथे घाई करू नका. खरी ५० मिमीची खडी १:८७ मधे जेमतेम ०.६ मिमी होते, म्हणून जाड खडी लगेच खोटी दिसते. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, तेव्हा बांधकामावरची क्रश सँड आणा, चहाच्या गाळणीतून खाली पडेल ती घ्या, मैद्याच्या चाळणीनं त्यातली पूड काढा, धुवा, वाळवा. त्यानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून फिरवा. काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, पिशवीला काळे कण मिशीसारखे चिकटलेले दिसतील. ते तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेतं आणि गिअर खराब होतात.

खडी चमच्यानं टाका, कोरड्या ब्रशनं स्लीपरच्या किंचित खाली बसवा. साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारा, मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून ड्रॉपरनं सोडा. साबण नसेल तर थेंबाची गोळी होऊन ती खडी घेऊन घरंगळते. पात्यांजवळ गोंद नको. रात्रभर हात लावू नका, सकाळपर्यंत पांढरेपणा जातो.

शेवटी मळ. काळा-तपकिरी रंग दहापट पाण्यात पातळ करून रुळांच्या मधे हलकेच सोडा. सॉफ्ट पेस्टल खडू सँडपेपरवर घासून ती पूड मऊ ब्रशनं पसरा: घाटातला उतार असेल तर ब्रेकची तपकिरी धूळ जास्त, कोकण दाखवायचं असेल तर कडेला जांभ्याची लाल माती. थर पातळच ठेवा आणि मधेमधे मोबाईल रुळाच्या पातळीला धरून फोटो काढा, जास्त झालेलं फोटोत लगेच कळतं.

सगळं वाळलं की माथा आणि आतली वरची कड स्पिरिटनं पुसून इंजिन अगदी हळू फिरवा, जिथे अडखळेल तिथे परत पुसा. सँडपेपर मात्र रुळावर घासू नका, ओरखड्यात मळ बसतो आणि करंट पुन्हा तुटायला लागतो.