दोन किनेक्टवर घरच्या घरी मोशन कॅप्चर

मोशन कॅप्चर म्हणजे माणसाची हालचाल सेन्सरनं टिपून ती ॲनिमेशनमधल्या पात्राला देणं. लेझीम किंवा गोंधळाच्या नाचाचं ॲनिमेशन करायचं असेल, तर एका सेन्सरवर भागत नाही. नाचणारा वळला की पलीकडचा हात अंगाआड जातो आणि सॉफ्टवेअर तो अंदाजानं कुठंही ठेवतं. एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलचे जुने किनेक्ट (अंतर मोजणारे कॅमेरा-सेन्सर) दोन घ्या. सोबत पीसीला जोडायचा पॉवर अडॅप्टर प्रत्येकाचा वेगळा लागतो. सेकंडहँड घेताना नेमका तोच गायब असतो.

निम्मी डोकेदुखी यूएसबीची. एक किनेक्ट यूएसबी २ कंट्रोलरची (पोर्ट सांभाळणाऱ्या चिपची) निम्म्याहून जास्त बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, खातो. शेजारशेजारचे पोर्ट बहुधा एकाच कंट्रोलरवर असतात, म्हणून दुसरा सेन्सर सुरूच होत नाही. हब लावून उपयोग नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ उघडून कंट्रोलर मोजा. एकच निघाला तर डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड बसवा. डिस्क एसएसडी असलेली बरी, कारण नुसता डेप्थ डेटा (अंतराची मापं) दोन्ही मिळून सेकंदाला ३७ एमबीच्या आसपास जातो.

सेन्सर कमरेच्या थोडं वर, नाचणाऱ्यापासून १० ते १२ फुटांवर ठेवा. उभा कोन ४३ अंशांचाच असल्यानं त्याहून जवळ वर उचललेली लेझीम कापली जाते, आणि ४ मीटरपुढं अंतराची मापं डळमळतात. दोन सेन्सरमधला कोन ६० ते ९० अंश. समोरासमोर नकोत, मग कॅलिब्रेशनचा (दोन्ही सेन्सरची मापं एकमेकांशी जुळवण्याचा) बोर्ड दोघांना एकदम दिसत नाही.

किनेक्ट डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके समोर टाकून अंतर मोजतो. दोघांचे ठिपके एकमेकांवर पडले की चित्रात भोकं पडतात. एका सेन्सरला छोटी व्हायब्रेटर मोटर चिकटवा. त्याचा प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकत्रच थरथरतात, त्यामुळं स्वतःचे ठिपके त्याला स्पष्ट दिसतात, दुसऱ्याचे पुसट होतात. जुगाड वाटतो, पण चालतो.

मराठवाड्यातल्या उन्हात दिवसा दार उघडं ठेवून काम होणार नाही. उन्हातलं इन्फ्रारेड ठिपके गिळून टाकतं. दिवस मावळल्यावर एलईडी दिव्यात करा, हॅलोजन नको. चकचकीत फरशीवर सतरंजी अंथरा. लॅपटॉप बॅटरीवर चालला तरी लाइट गेली की किनेक्ट बंद पडतो, तेव्हा दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरवर घ्या.

गोंधळ्याचा झगा दिसायला झकास, पण पाय झाकतो. अंगाबरोबरचे कपडे घाला, काळे किंवा चमकणारे टाळा.

आयपाय रेकॉर्डर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी रिकामी खोली टिपा. मग कॅलिब्रेशनसाठी साधारण मीटरभर रुंद, न वाकणारा प्लायचा तुकडा दोन्ही सेन्सरना दिसेल असा सावकाश तिरपा करत फिरवा. यानंतर सेन्सरला धक्का लागला तर कॅलिब्रेशन पुन्हा. प्रत्येक टेकची (रेकॉर्डिंगची) सुरुवात दोन्ही हात आडवे पसरून, टी-पोझमध्ये.

आयपायच्याच मोकॅप स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग (रेकॉर्डिंगमधून शरीराची हालचाल ओळखणं) करताना गिरकीनंतर डावा-उजवा पाय अदलाबदल होतो. गिरकी संपल्यावरची एक चांगली फ्रेम हातानं जुळवा आणि तिथून उलट्या दिशेनं ट्रॅक करा. मग बीव्हीएच (हालचालीचा डेटा साठवणारी) फाइल काढून ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. बोटं या जोडणीत नीट येत नाहीत, लेझीमची पकड हातानंच ॲनिमेट करावी लागते.